घासणाऱ्याचा दिवस

पॉलिशचा दर फुटावर ठरतो. फ्रेंच पॉलिश अमुक रुपये फूट, मेलामाइन त्याहून जास्त, पीयू आणखी वर. घरमालक चार ठिकाणी चौकशी करतो, दर पाडून घेतो आणि काम सोपवतो. त्या दरात घासकाम म्हणून वेगळी ओळ कधी नसते, पुढे बिलावरही येत नाही. तरी एखाद्या दारावर हात ठेवल्यावर तो उचलावासा वाटत नाही, त्याचं श्रेय आधी घासकामाचं. पॉलिश त्यावर चढतं आणि नाव घेऊन जातं.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पश्चिम काठाला, पोळा चौकाच्या बाजूच्या एका गल्लीतल्या सुताराच्या दुकानात मी एक अख्खा दिवस बसलो. कावड होऊन गेली होती आणि पोळा तोंडावर होता. दुकानात तिघं: मिस्त्री, पॉलिशचं काम पाहणारे वयस्क चाचा आणि आयटीआय करून आलेला विशीतला पोरगा. हातात कामं दोन. एका वाड्याचं सागवानी दार, आणि तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल.

सकाळी ७.३०

शटर वर जातं तेव्हा उजेड एकाच बाजूने आत येतो आणि तिरका येतो. मिस्त्रींना तो हवाच असतो. दुपारी उजेड वरून पडतो आणि लाकडाचे दोष झाकतो. सकाळचा उजेड फळीवर आडवा सरकतो आणि रंध्याने मागे ठेवलेली एकेक लाट सावली पाडून दाखवतो. काल संध्याकाळी सपाट वाटलेली फळी आज सपाट नसते. मिस्त्री खडू घेतात आणि खोलगट जागांभोवती गोल काढत जातात. दिवसभर कुठे किती घासायचं ते या थोड्या वेळात ठरतं.

मग हात. तळवा फळीवर टेकवून, डोळे मिटून मिस्त्री तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतात, मध्ये कुठेच दाबत नाहीत. "डोयाले दिसत नाई ते हाताले समजते," पोराला सांगतात, "पाय, तू फिरव." पोरगा हात फिरवतो, अर्ध्यावर थांबतो, मागे येतो. तिथे खडूचा आणखी एक गोल. बोटांच्या टोकांना केसाच्या जाडीपेक्षा बारीक उंचवटाही लागतो. या धंद्यात मोजायचं पहिलं साधन तेच.

आठवडाभरापूर्वी या ओट्यावर पालखीचे दांडे होते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, कावडीला, गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी खांद्यावर घेऊन शिवभक्त राजराजेश्वराच्या मंदिरात येतात. ही परंपरा १९४४ पासूनची मानली जाते. सतरा-अठरा किलोमीटरच्या त्या वाटेत दांडा खांद्यावर सारखा हलतो, घामाने आणि पावसाने ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो. लाकूड ओलं झालं की घासून बसवलेले तंतू परत उभे राहतात. कारागिराने दुकानातच दांडा एकदा ओला करून, वाळवून, पुन्हा घासला असेल तर खांदा वाचतो. नसेल तर पहाटेपर्यंत कातडी सोलून निघते. मिस्त्रींनी सगळे दांडे ओले करून घासले होते. पालखी बघणाऱ्यांना त्यावरची झालर आठवते, खांदा देणाऱ्याला दांडा आठवतो.

सकाळी ९

आता दार. पॅनेलचं, जाड, दोन फळ्यांचं. त्यावर तेलरंगाचे थर आहेत. वर तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली निळा, आणि सगळ्यात खाली साग. मेळघाटचा असावा, असं मिस्त्री म्हणतात. वऱ्हाडातल्या जुन्या घरांचा बराच साग तिकडूनच, परतवाड्याच्या बाजूने उतरलेला. रंगाची कड निघाली तिथे पिवळसर तपकिरी गाभा दिसतो आणि त्याचा तेलकट वास येतो. इतकी वर्षं रंगाखाली दबून राहिलं तरी सागाचं तेल गेलेलं नाही.

पोरगा पेपर उचलतो तसे मिस्त्री त्याला अडवतात. जुन्या रंगावर कोरडा पेपर मारायचा नाही, हा या दुकानाचा नियम आहे आणि तो योग्य आहे. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या वर नको, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही. तो रंग पेपरने घासला की शिशाची धूळ होते, कपड्यांवर बसून घरी जाते आणि घरातल्या लहान मुलाच्या पोटात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर जो परिणाम होतो तो पुढे भरून निघत नाही.

म्हणून इथे काच चालते. जाड काचेचा फुटका तुकडा घ्यायचा, त्याची ताजी सरळ धार लाकडावर जवळजवळ उभी धरायची आणि दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायची. रंग पापुद्र्यांनी निघतो, हवेत फार थोडा उडतो. धार गेली की तुकडा बाजूला आणि दुसरा हातात. कोपऱ्यात, गोलाईत, मोल्डिंगच्या खोबणीत पटाशीचं टोक. खाली गोणपाट पसरलेलं असतं, पापुद्रे त्यात गोळा होतात. हे काम दोन तास चालतं आणि त्या दोन तासांत सांगण्यासारखं काही घडत नाही. एक कट चहा होतो.

सकाळी ११

इथून पुढे पेपरचं काम, आणि या दिवसाचा सगळा गाभा यातच आहे.

पेपरची शीट ९ बाय ११ इंच. पोरगा ती तशीच वापरत नाही. आधी तिची कागदी बाजू टेबलाच्या कडेवरून दोन-तीनदा ओढतो. त्याने कागद मऊ पडतो आणि घडी घातल्यावर दाणे गळत नाहीत. मग करवतीच्या पात्याला धरून फाडतो. एक तुकडा ठोकळ्याला गुंडाळतो. ठोकळ्याच्या तळाला जुन्या चपलेचं रबर चिकटवलेलं आहे, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा बसतो. सपाट फळी नुसत्या बोटांनी घासायची नाही. बोटं मऊ असतात, लाकडाच्या दोन रेषांमधला मऊ भाग जास्त खाल्ला जातो, कठीण रेषा वर राहते, आणि फळी हाताला गुळगुळीत असूनही उजेडात खवल्यासारखी दिसते.

पहिला नंबर ८०. मग १२०, मग १८०, मग २२०. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. ८० नंबरचा दाणा साधारण २०० मायक्रॉनचा, १२० चा १२५ मायक्रॉनचा, १८० चा ८२, २२० चा ६८. प्रत्येक दाणा लाकडात आपल्या मापाची चरी पाडतो. ८० नंबरने रंध्याच्या लाटा जातात आणि त्या जागी ८० च्या चऱ्या येतात. १२० चं काम एवढंच, की ८० च्या चऱ्या घालवायच्या आणि आपल्या, त्याहून उथळ, तिथे ठेवायच्या. १८० ने १२० च्या घालवायच्या. असं उतरत यायचं.

घाई करणारा ८० वरून थेट २२० वर उडी मारतो. लाकूड लगेच गुळगुळीत लागतं, कारण चऱ्यांचे माथे घासले जातात. तळ मात्र तसेच राहतात. मग पॉलिश लागतं, रंग त्या तळांत उतरतो, आणि दाराच्या अंगावर काळपट रेघांचं जाळं उठतं. तेव्हा काही करता येत नाही. सगळं पॉलिश काढून पुन्हा पहिल्या नंबरापासून सुरुवात करावी लागते. मिस्त्री पोराला हे एकाच वाक्यात सांगतात: "नंबर नको सोडू, एक सोडला का दुप्पट घासा लागते."

एक नंबर संपला हे ओळखायचं कसं? चाचांची पद्धत मला फार आवडली. ते सुतारी पेन्सिल घेतात आणि फळीवर आडव्यातिडव्या फिक्या रेघोट्या ओढतात, फळीभर, कोपऱ्यांसकट. मग पोरगा घासतो. जिथे रेघ राहिली तिथे पेपर पोचला नाही. सगळ्या रेघा गेल्या की पुढचा नंबर, आणि पुन्हा नव्या रेघा. माणसाचा हात मधल्या भागात जास्त चालतो, कडांना आणि कोपऱ्यांना कमी. पेन्सिल हे पकडून देते. नवख्याला रागावून जे शिकवता येत नाही ते या रेघा शिकवतात.

दिशा नेहमी लाकडाच्या रेषेची. आडवा हात मारला की तंतू तुटतात, आणि ती चरी मागाहून कोणत्याही नंबराने लवकर जात नाही. पॅनेलच्या दारात उभी आणि आडवी पट्टी जिथे भेटते तिथे खरी परीक्षा असते, कारण एका पट्टीच्या रेषेने गेलेला हात दुसऱ्या पट्टीवर आडवा पडतो. पोरगा सांध्यावर कागदी चिकटपट्टी लावून घेतो, एक बाजू पूर्ण करतो, पट्टी काढून दुसऱ्या बाजूला लावतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही, स्वतःचं आहे. मिस्त्री पाहतात आणि काही बोलत नाहीत. या दुकानात ती शाबासकी समजायची.

साग घासताना पेपर लवकर मरतो. सागाच्या अंगात सिलिका असते, ती पेपरचे दाणेही बोथट करते आणि रंध्याचं पातंही. वर तेल असल्याने भुसा दाण्यांमध्ये चिकटून बसतो. पोरगा पाच-सात हातांनंतर ठोकळा टेबलाच्या पायावर आपटतो, पेपर मोकळा करतो. पांढरट लेप दिलेले पेपर मिळतात, त्यांत भुसा कमी अडकतो, पण ते महाग पडतात. मिस्त्री ते फक्त शेवटच्या नंबराला वापरतात. मरत आलेला पेपर मात्र कोणी फेकत नाही. झिजलेला १८० जवळपास २२० सारखा चालतो आणि बैलाच्या शिंगांना तोच बरा.

पेपर नव्हता तेव्हाही लाकूड घासलं जात होतंच. आपल्याकडे खरवत नावाचं झाड आहे, त्याची पानं इतकी खरखरीत की लाकूड त्यांनी घासत असत. कर्नाटकात चन्नपट्टणला लाखेच्या खेळण्यांवर केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी आणतात. पुढे कागदाला काचेची पूड चिकटवलेला काचकागद आला. १८९० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवलं. आज पाण्यासोबत वापरायचा काळा पेपर मिळतो तो त्याच दाण्याचा. मद्रासला १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू झाली आणि घासायची साधनं देशातच मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. दुकानातल्या लाकूडकामाच्या पेपरवर आता बहुतेक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं. दाणा बदलला, घासायचा हात तोच आहे.

दुपारी १२.३०

बैलांची पाळी. सागाच्या उरलेल्या तुकड्यांचे काही, कडुनिंबाचे काही. चाकाच्या पाटीवर उभे राहणारे, दोरीने ओढायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं मानतात, आणि विदर्भात तो घरोघर पोचला. मुलं सजवलेले लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे भेट म्हणून मिळणारे पैसे किंवा खाऊ, घेऊन येतात.

म्हणजे हे लाकूड चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात जाणार. दाराला सुटलेलं एखादं कुसळ मोठ्याच्या लक्षात येतं, तो हात सांभाळतो. मूल बैलाला कुशीत घेऊन झोपतं. मिस्त्री बैलावर दाराइतकाच वेळ घालवतात, आणि मिळतात त्याच्या मानाने फारच थोडे पैसे. मला विचाराल तर दुकानातलं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच आहे.

इथे ठोकळा चालत नाही. कापडी पाठीच्या पेपरची बोटभर पट्टी कापायची, बैलाच्या मानेखालून घालायची आणि दोन्ही टोकं धरून आळीपाळीने ओढायची. मान गोल होते, वशिंडाचा उतार मऊ होतो. पायांच्या आतल्या बाजूला पेपर काडीला गुंडाळून. प्रत्येक धारदार कोर मोडायची, अगदी थोडी, नुसती बोचणार नाही इतकी. त्याचा दुसराही फायदा आहे. धारदार कोरेवर रंग आणि पॉलिश पातळ बसतात आणि तिथूनच पहिल्यांदा निघतात.

शिंगांची टोकं आणि पायांचे तळ म्हणजे लाकडाचं तोंड, जिथे रेषा संपतात. तिथे लाकूड नळ्यांच्या जुडीसारखं उघडं असतं आणि रंग शोषून काळं पडतं. म्हणून तिथे अंगापेक्षा एक-दोन नंबर पुढे जायचं. अंग १८० वर सोडलं तर तोंड ३२० पर्यंत. मग दोन्हीकडे रंग सारखा दिसतो. पोराने एक बैल पूर्ण करून मिस्त्रींकडे दिला. त्यांनी तो गालावर फिरवला. गालाची कातडी तळव्यापेक्षा मऊ, तिला बोचेल ते मुलालाही बोचेल. एका कानामागे काहीतरी लागलं. बैल परत गेला.

दुपारी १.३०

जेवण. ज्वारीची भाकर, बेसन, हिरव्या मिरचीचा ठेचा. पण त्याआधी हातपाय धुणं, आणि नाक शिंकरणं. पोराच्या रुमालावर तपकिरी डाग उठतो.

मी इथे आलो ते लाकडाच्या गुळगुळीतपणासाठी, पण जास्त लिहायला हवं ते या डागाविषयी. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवते याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. नाकाच्या आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा हा धोका पहिल्यांदा ठळक झाला तो १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम भागातल्या फर्निचर कामगारांत. कर्करोगाच्या आधी रोजचे त्रास असतात. दमा, सततची सर्दी, डोळ्यांची जळजळ. सागाच्या धुळीने कित्येकांच्या हातांवर आणि मानेवर पुरळ उठतं, कारण सागात कातडीला बोचणारी द्रव्यं असतात.

डोळ्याला दिसणारा भुसा जमिनीवर पडतो, तो फारसा घातक नसतो. घातक असते ती बारीक पेपरची धूळ, १८० आणि त्यापुढच्या नंबराची. ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर खोल जाते. म्हणजे काम जितकं सुबक, तितकी धूळ वाईट. तोंडाला बांधलेला दुपट्टा उन्हासाठी चांगला, या धुळीला तो अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो. करोनाच्या काळात तो गल्लीच्या मेडिकलवर मिळू लागला आणि अजून मिळतो. या दुकानात तीन मास्क खिळ्याला टांगलेले आहेत. पोरगा लावतो, मिस्त्री कधी लावतात, चाचा लावत नाहीत. "सवय नाई," म्हणतात. त्यांचा खोकला मी सकाळपासून ऐकत होतो.

तीन माणसांचं दुकान कारखान्याच्या कायद्यात बसत नाही. धूळ मोजायला, छाती तपासायला कोणी येत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली, तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, पारंपरिक खेळणी करणाराही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांचं साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. पॉलिश करणारा मात्र त्या यादीत नाही. चाचांनी उभं आयुष्य या कामात काढलं, आणि सरकारच्या यादीत त्यांच्या कामाला नाव नाही. ते घालायला हवं. अवजारांच्या संचात धूळ ओढणारं यंत्र आणि मास्क आले तर त्याहून चांगलं.

दुपारी २.३०

दाराची सपाट बाजू आता फिरत्या सँडरने. यंत्राला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. ते हाताचे तास वाचवतं आणि धुळीची पिशवी लावली तर बरीच धूळही आत घेतं. फक्त त्याला दाबायचं नाही, स्वतःच्या वजनावर चालू द्यायचं. दाबलं की बारीक गोल ओरखडे उठतात, केसांच्या बटेसारखे, आणि तेही पॉलिशनंतरच दिसतात. यंत्र झालं की त्याच नंबराचा पेपर ठोकळ्यावर घेऊन रेषेच्या दिशेने हात मारायचा. पंधरा मिनिटांत लाईट गेली. राहिलेलं हाताने झालं.

दुपारी ३.३०

२२० झाल्यावर चाचा पुढे येतात. स्वच्छ फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळतात आणि दारावरून एकसारखं फिरवतात. लाकूड क्षणात गडद होतं, रेषा उमलून येतात. पोरगा पाहत राहतो. पण चाचांना ते रूप नको आहे, त्यांना तंतू उभे करायचे आहेत. पेपरने दाबून बसवलेले तंतू पाण्याने फुगून उठतात. वाळल्यावर दार हाताला मांजरपाटासारखं खरखरीत लागतं. मग झिजलेल्या २२० ने हलका हात, वजन न देता, उठलेलं तेवढंच कापायचं. पुन्हा जोर लावला तर नवे तंतू उघडे पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते. उन्हाळ्यात हे दार अर्ध्या तासात वाळलं असतं. अकोल्याचा मे महिना लाकडाला हाडासारखं कोरडं करतो. श्रावणात एक तास गेला तरी मधल्या पट्टीत ओल होती. चाचा थांबले. सगळे थांबले.

दुपारी ४.३०

दाराचे मालक आले. सत्तरीच्या पुढचे, स्वच्छ धोतर, हातात छत्री. मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं. "या काकाजी, बसा. चहा सांगतो."

"बसतो, पण मिस्त्री, दार तर कोरडंच दिसून राहिलं. सोमवारी दिलं होतं. पोयाले बसवू म्हनलं होतं ना?"

"हाव काकाजी, म्हनलं होतं. आज घासनं संपते."

"घासनं एवढं कायले? पॉलिश लागलं का चमकतेच."

मिस्त्री वाद घालत नाहीत. कोपऱ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने कुठून तरी घाईत करून आणलेली फळी दुरुस्तीला पडली होती, पेपर मारलेली, हाताला गुळगुळीत. चाचांनी ती उचलून दाराशेजारी उभी केली. फडक्यावर थोडं स्पिरिट घेतलं आणि आधी फळीवरून फिरवलं. स्पिरिट उडून जायच्या आत लाकूड पॉलिश लावल्यासारखं दिसतं, आणि त्या क्षणात सगळं उघडं पडतं. फळीवर आडवे ओरखडे, गोल बटा, मध्येच सुटलेला एक पट्टा. मग तेच फडकं दारावर. रेषा, एक गाठ, आणि बाकी काही नाही.

काकाजींनी चष्मा वर करून दोन्ही पाहिलं. स्पिरिट उडालं, दोन्ही लाकडं पुन्हा सारखी दिसू लागली. त्यांनी दारावर हात फिरवला, मग फळीवर. "हाताले तर दोन्ही सारखीच," म्हणाले.

"हाताले आज सारखी," चाचा म्हणाले. "पॉलिश लागू द्या."

काकाजींनी चहा घेतला. जाताना दाराच्या खालच्या पट्टीशी वाकून पाहिलं. तिथे लहानपणी त्यांनी खिळ्याने काहीतरी कोरलं होतं, ते अजून होतं. मिस्त्रींनी विचारलं, लांबी भरून बुजवू का? ते म्हणाले, राहू द्या. मग त्या हातभर पट्टीवर पोराने पेपर आडवाउभा न नेता अक्षरांच्या कडेकडेने नेला.

संध्याकाळी ६

मला वाटत होतं दिवसाच्या शेवटी पॉलिशचा पहिला हात पाहायला मिळेल. चाचांनी लाखेच्या पापड्या कालपासून स्पिरिटमध्ये भिजवून ठेवल्या आहेत. मधाच्या रंगाचं झालं आहे, गाळायचं बाकी. बोळाही तयार आहे, आत कापूस आणि वर धुतलेलं सुती कापड. कापसाला इथे कमी नाही. लाख झाडावरच्या किड्यांची, आपल्या पूर्व विदर्भातही पळसावर घेतली जाणारी. फ्रेंच म्हणवणाऱ्या या पॉलिशचा सगळा माल आपल्याच रानातला आणि शेतातला आहे.

पण चाचांनी बाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं, परत आत गेले आणि बाटलीचं झाकण घट्ट केलं. "आज नाई लावत. हवा ओली हाये. पांढरं पडन."

स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड होतो. हवेत ओल असली की ती त्या थंड जागी जमते आणि पॉलिशच्या थरात अडकते. सकाळी दार दुधाळ दिसतं. घासकाम किती चांगलं आहे याने तिथे काही फरक पडत नाही. पावसाळ्यात फ्रेंच पॉलिश लावायची वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन, तीही पाऊस उघडला असेल तर. पीयूच्या फवाऱ्याने हे अडत नाही असं सांगणारे आहेत. ओल्या हवेत त्यातही फुगे येतात आणि थर धुरकट होतो. गिऱ्हाइकाला उद्याच हवं असतं म्हणून कित्येक दुकानांत ओल्या हवेत पॉलिश चढतं आणि दिवाळीआधी पांढरं पडतं. मग दोष लाकडाला दिला जातो.

दाराच्या मागच्या बाजूला मात्र जवसाच्या तेलाचा एक हात दिला. ती बाजू भिंतीकडे राहणार, तिला चमक नको, ओल अडवली की झालं. तेल लावलेली फडकी चाचांनी स्वतः दोरीवर एकेक पसरून टाकली. ती गोळा करून कोपऱ्यात फेकली तर तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेतात. भुशाने भरलेल्या दुकानात एवढं पुरे असतं. हे माहीत नसलेली माणसंही या धंद्यात आहेत, म्हणून लिहिलं.

संध्याकाळी ७

झाडणं. आधी पाण्याचा हलका शिंतोडा, मग झाडू, म्हणजे धूळ उडत नाही. रंगाचे पापुद्रे वेगळ्या पिशवीत, भुसा पोत्यात. पोत्यातला कडुनिंबाचा भुसा शेजारी नेतात. सागाचा पोरगा चुलीसाठी नेतो. दार भिंतीला टेकवून त्यावर जुनी चादर. शटर खाली.

दिवसभरात तीन माणसांनी काम केलं आणि दारावर पॉलिशचा एक थेंब लागलेला नाही. उद्या ऊन पडलं तर चाचा अकराला पहिला हात देतील, तो वाळल्यावर ३२० चा हलका पेपर, मग दुसरा हात. असे सहा-सात हात. काकाजींना बिल जाईल तेव्हा त्यावर लिहिलेलं असेल: सागवानी दार, फ्रेंच पॉलिश, इतके फूट.

तुमच्या घरी दार, पलंग, कपाट, काहीही पॉलिशला द्याल तेव्हा तीन गोष्टी करा. लावायच्या आधी स्पिरिटचं फडकं फिरवून दाखवायला सांगा. पावसाळ्यात चार दिवस जास्त द्या. आणि बिलात घासकाम वेगळं लिहायला लावा, त्याचे पैसे वेगळे द्या, सोबत मास्कचं एक पाकीट द्या, आणि घासणारा ते लावतो की नाही हेही पाहा.